निरंक

ओनालेना बोटीच्या मागच्या टोकाला उभी, अनवाणी.
कंपनीची टोपी तिनं खिशात कोंबलीय.
शेवटचं गिऱ्हाईक उतरून तास झाला,
ही फेरी पावतीशिवायची.

दिवसभर ती केंब्रिजच्या पाहुण्यांना सांगते
कुठलं कॉलेज कुठल्या राजाचं,
आणि कुठल्या पुलात म्हणे एकही खिळा नाही.
"खोटं आहे," ती मला म्हणते, "पण टिप मिळते."

आम्ही उलट्या अंगाला निघतो,
ग्रँटचेस्टरच्या कुरणांकडे.
"डावीकडे बघ. हळू. बोट दाखवायचं नाही.
पाणघोडा."
हंस मान वळवतो, पाहतो,
आणि खरंच मला पाय आवळून घ्यावेसे वाटतात.

सेरोंगात तिचा बाप असाच उभा राहायचा.
एका मोकोरोत गोरे दोन, मधे त्यांचा खाऊचा डबा,
पाण्यापासून चार बोटं वर त्यांचे कॅमेरे.
वळणाआधी तो बांबू काठावर वाजवायचा, टक टक,
जसं आपण परक्या घरात शिरताना खाकरतो.
ती दहा वर्षांची, मागच्या होडीत, कमळाचे कंद गोळा करायला.
हत्ती तिनं आधी वासानं ओळखला, मग कानानं,
दिसला शेवटी.

"आणि पूर," ती म्हणते, "आमचा पूर कोरड्या आभाळाखाली येतो.
पाऊस पडतो अंगोलात. तिथले लोक तो विसरूनही जातात.
पाणी मात्र महिनोन् महिने वाळूतून चालत राहतं,
म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं.
एके सकाळी अंगणात जीभ काढून उभं.
पुढे मुंग्या पळत असतात,
मागे मासे."

मी काही बोलत नाही.
मिल रोडच्या दुकानात मी दिवसभर गोळ्या मोजते,
अठ्ठावीस, छप्पन्न, चौऱ्याऐंशी.
मोजणं आमच्या घरातच आहे.
बाबा मेळघाटात वनरक्षक.
बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर
नोंदवही, भाकरी, आणि चुना लागलेलं पेन.
रकाने: वेळ. प्राणी. नर, मादी, पिल्लू. आला कुठून, गेला कुठे.
एका वर्षी रात्रभर काहीच आलं नाही.
शेजारच्या मचाणावाल्यांनी दोन सांबरं लिहिली, एक अस्वल,
साहेबाला बरं वाटावं म्हणून.
बाबांनी पानभर एकच शब्द लिहिला: निरंक.
त्यावरून त्यांना मेमो मिळाला.
तो त्यांनी जपून ठेवला होता. कपाट आवरताना सापडला,
फेब्रुवारीत.
चौदाव्या दिवशी मी परत आले, पंधराव्या दिवशी कामावर.
रडण्याच्या रकान्यात काय लिहायचं ते
मला आधीच पाठ होतं.

"मोज," ओनालेना म्हणते. "नुसती बसू नकोस."
मोजते. गाई एकोणीस, आडव्या.
पाणकोंबडी एक, पिल्लं चार... नाही, पाच.
काठावर गिटार घेतलेला एक मुलगा,
त्याला सूर सापडत नाहीये.

मग बांबू रुततो.
ती क्षणभर ओढते, आणि सोडून देते.
"चिखलानं धरला तर बांबू सोडायचा," ती म्हणते, "होडी नाही."
बांबू मागे उभाच, नदीत लावलेल्या खुंटासारखा,
आणि आम्ही दोघी ओणव्या होऊन
हातांनी पाणी मागे सारत त्याच्याकडे जातो.
पाणी गार आहे. कुठल्या गावावर पडलं असेल, कधी,
कोपरापर्यंत चढतं,
मग गालावर कसं आलं ते कळत नाही.
ओनालेना बघते. बोट दाखवत नाही.
काठावर तळवा वाजवते फक्त,
टक टक.

वेळ: नऊ चाळीस.
माणूस. मादी, दोन.
आल्या कुठून:
रकाना लहान आहे, बाबा.